थंडीत कळसूबाई चढताना

आम्ही चांदूर रेल्वेच्या एका बचत गटातल्या अकरा जणी. रेडिओवर बोलायला एकीला बसवलं आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे. काल रात्री ओसरीत बसून काय सांगायचं, काय नाही, यावर बरंच भांडण झालं, आणि शेवटी ठरलं की जे चुकलं तेही सांगायचं. नाहीतर फोटो दाखवून मिरवण्यात काय अर्थ?

विषय आहे कळसूबाईचा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अकोले तालुक्यात बारी नावाचं गाव आहे, तिथून वर जायची वाट. डोंगराची एक बाजू अकोल्याची, दुसरी नाशिकच्या इगतपुरी तालुक्याची. अकोले म्हणजे आपलं अकोला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांना वाटलं होतं की या बाया अकोल्यालाच चालल्या, संध्याकाळी परत येतील.

आम्ही दोनदा गेलो. एकदा 2023 च्या डिसेंबरात आणि एकदा 2025 च्या जानेवारीत. दोन्ही वेळा थंडीच. पहिली खेप आमची फसली, दुसरी साधली. आता यंदाची थंडी सुरू झाली आहे, आणि आजूबाजूच्या तीन-चार गटांच्या बाया विचारू लागल्या आहेत की कसं जायचं, वाट कशी आहे, म्हणून हे बोलणं.

जायचं सुचलं कसं, तर गटाच्या एका बैठकीत कोणीतरी मनीषा धुर्वेची गोष्ट सांगितली. मे 2018 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी पोरं एव्हरेस्टवर चढली, त्यात ही मुलगी होती. आमच्यातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "ते पोट्टी एव्हरेस्टवर जाते, अन् आपण कायले आयुष्यभर पाणंदीनंच चालाव?" थोरल्या बाई म्हणजे गटात सगळ्यात वयानं मोठ्या, साठी ओलांडलेल्या, लुगडं नेसणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या. त्या बोलल्यावर आम्हाला नाही म्हणता आलं नाही.

बरं, डोंगर तर आपल्या जिल्ह्यातही आहे. चिखलदऱ्याजवळचं वैराट 1178 मीटर आहे, गाविलगडचा किल्ला आहे. पण चिखलदऱ्याला गाडी वरपर्यंत जाते. आम्हाला पायांनी चढायचं होतं. शिवाय कळसूबाईची जी गोष्ट सांगतात ती ऐकल्यावर तर आम्ही तिच्याच झालो. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली, ती अटीवर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एक दिवस घरच्यांनी तिला तेच काम सांगितलं. तर ती उठली आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. वर तिचं देऊळ आहे, लहानसं. ही गोष्ट ऐकून बैठकीत जो हशा पिकला, तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल.

आता रस्त्याचं सांगतो. चांदूरहून इगतपुरी साधारण साडेपाचशे किलोमीटर, एकाच रेल्वेमार्गावर. तिथून घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर बारी. समृद्धी महामार्ग तर आपल्या तालुक्याच्या शेतांतूनच गेला आहे. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा तो इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत सुरू झालेला होता. आता जून 2025 पासून तो थेट पार ठाणे जिल्ह्यापर्यंत गेला आहे. म्हणजे जीप ठरवली तर रात्री निघून पहाटे पायथ्याला. आमच्या घरच्या माणसांचं म्हणणं तेच होतं.

आम्ही नाही म्हटलं. त्याच वर्षी, 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. सरळ, रिकामा रस्ता, एकसारखा वेग, काचा बंद, बाहेर थंडी, आत ऊब. अशा वेळी रात्री दोन ते पाचच्या दरम्यान चालवणाऱ्याचा डोळा लागायला वेळ लागत नाही. त्यातून हिवाळ्यात नदी-नाल्यांच्या खोलगट जागी धुकं एकदम समोर येतं. ज्यांना गाडीनंच जायचं आहे त्यांनी दिवसा जावं, आणि एक बाई चालकाशी बोलत राहील असं ठरवून पुढं बसवावी. आम्ही रेल्वे धरली.

रेल्वेतही थंडीचा घोळ असतोच. हावड्याकडून येणाऱ्या गाड्या हिवाळ्यात धुक्यानं उशिरा धावतात, हे आपण चांदूरच्या लोकांनी फलाटावर बसून अनुभवलेलं आहे. तरी पहिल्या वेळी आम्ही हिशेब असा केला की गाडी पहाटे इगतपुरीला पोचेल, सातला बारीत, आठला चढायला सुरुवात. गाडी तीन तास उशिरा आली. बारीत पोचायला पावणेदहा वाजले. चहा-पाणी, आवरासावर, साडेदहा. आणि दिवस कोणता? रविवार, 31 डिसेंबर. कापूस वेचणीतून तेवढीच सवड सापडली होती. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून मुंबई-पुणे-नाशिकची पोरं तिकडं लोटतात, हे आम्हाला कोण सांगणार?

साडेदहाला चढायला निघणं ही आमची पहिली चूक, आणि ती सगळ्यांनी मिळून केली. कोणी तरी म्हणायला हवं होतं की आज राहू द्या, गावात मुक्काम करू, उद्या पहाटे जाऊ. मनात दोघी-तिघींच्या होतं, नंतर त्यांनी कबूल केलं. पण परतीची तिकिटं त्या रात्रीची होती. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून आम्ही डोंगरावर गेलो. बायांनो, आपल्या घरात एक रुपया वाया गेला तर आपला जीव तुटतो, ती सवय तिथं आमच्या अंगाशी आली.

थंडीत ती वाट कशी असते ते आता नीट सांगतो, कारण लोक म्हणतात पावसाळ्यात घसरतं, हिवाळ्यात काही नाही. हिवाळ्यात चिखल नसतो हे खरं. पण पावसात हजारो पायांनी वाटेत घळी पडलेल्या असतात, त्या सुकून कडक होतात आणि वर बारीक मुरूम सुटा होऊन पसरतो. कडक जमिनीवर सुटी खडी. आपल्याकडं नव्यानं मुरूम टाकलेल्या उतारावरून डोक्यावर घमेलं घेऊन उतरताना पाय कसा सरकतो, अगदी तसं. चढताना ते जाणवत नाही. उतरताना जाणवतं, आणि तेव्हा पाय थकलेले असतात. वाळलेलं गवतही तसंच, दिसायला मऊ, पण उतारावर त्यावर पाय टाकला की गेलाच.

मग शिड्या. कातळ उभा आहे तिथं लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, तीन-चार ठिकाणी. पहाटे त्यांच्यावर दव पडलेलं असतं, ओलं लोखंड गुळगुळीत होतं आणि इतकं गार की पाच-सहा पायऱ्यांत बोटं बधिर होतात. बधिर हातानं आपण घट्ट धरलं आहे की नाही हेच कळत नाही. म्हणून हातमोजे हवेत. लोकरीचे गुळगुळीत नकोत. आमच्यातल्या एकीनं शेतात फवारणीच्या वेळी वापरायचे नवे, कोरे रबरी ठिपक्यांचे मोजे आणले होते, ते सगळ्यात चांगले निघाले. पाच परी सहावारी साडीच्या मिऱ्या शिडीवर पायाखाली येतात. आम्ही बहुतेक जणी पंजाबी ड्रेसवर होतो, ओढणी कमरेला गच्च बांधून. थोरल्या बाई मात्र लुगड्यावर, कासोटा घालून, आणि सांगायला हरकत नाही, शिडीवर सगळ्यात ऐटीत त्याच चढल्या.

उंचीची भीती आम्हाला जास्त होती, की श्वास कमी पडेल, ऑक्सिजन लागेल. तसं काही नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, कळसूबाई त्याच्या खूप खाली आहे. धाप लागते ती चढाची, आणि ती दहा मिनिटं बसलं की उतरते. थंडी मात्र वाढते. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंशांनी गारठा वाढतो. आपलं चांदूर तीनशे-साडेतीनशे मीटरवर. म्हणजे आपल्याकडं पहाटे बारा अंश असेल तेव्हा वर तीन-चार धरा, आणि त्यात वारा. माथ्यावर आडोसा नाही. वारा असा लागतो की कानाच्या पाळ्या दुखतात.

आणि इथं एक गोष्ट आम्हाला फार लागली. आपण कापसाच्या मुलखातल्या बाया, कापूस आपलं सोनं. पण थंडीच्या डोंगरावर सुती कपडा वैरी होतो. चढताना घाम येतो, सुती झंपर घामानं चिंब होतं आणि ते लवकर वाळत नाही. चढ संपला, वाऱ्यात उभं राहिलं की तो ओला कपडा अंगातली सगळी ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, सूत धरत नाही. म्हणून वर पोचण्याआधी आडोसा बघून ओला झंपर बदलायचा, कोरडा घालायचा, मग स्वेटर. एक जास्तीचा झंपर पिशवीत, एवढंच. पहिल्या वेळी आमच्यातल्या एकीकडंही नव्हता.

त्या दिवशी शिड्यांपाशी रांग होती. वरचे उतरणार, खालचे चढणार, शिडी एकच. एका शिडीखाली आम्ही पाऊण तास उभ्या. पोरं गाणी लावून नाचत होती, त्यांना थंडी वाजत नव्हती. आम्ही घामाच्या कपड्यात उभ्या. थोरल्या बाईंना थरथर सुटली, ओठ निळसर दिसू लागले, बोलणं तुटक झालं. आम्हाला वाटलं दमल्या असतील. खरं तर तो गारठा अंगात शिरल्याचा इशारा होता. माणूस थरथरतं, बोलताना जीभ अडखळते, आणि स्वतः म्हणतं मला काही झालं नाही. त्याही तेच म्हणत होत्या. त्यांच्या सुनेनं, जी आमच्याच गटात आहे, चक्क हात धरून त्यांना मागं वळवलं. "आत्याबाई, देवी काही पळून जात नाही," म्हणाली. दोघी अजून सोबत उतरल्या. मधल्या चहाच्या टपरीत शेगडीजवळ बसवलं, अंगावर दोन शाली, गुळाचा चहा. अर्ध्या-पाऊण तासात रंग परत आला. सुनेनं सासूला दमात घेतल्याचं ते पहिलं उदाहरण, असं थोरल्या बाई आता हसून सांगतात. तेव्हा मात्र त्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

बाकी आम्ही सात जणी वर गेलो. पोचायला पावणेचार झाले. देवीला ओटी भरली. वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, इंग्रजांच्या काळात, 1926 साली पुरं झालेलं प्रवरेवरचं धरण. चहूबाजूंनी डोंगरच डोंगर. आपल्या सपाट मुलखातल्या डोळ्यांना ते एकदम पेलत नाही. पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागलो आणि त्यात अर्धा तास गेला, जो आमच्याकडं नव्हता.

डिसेंबरात दिवस सहाच्या सुमारास मावळतो. चांदूरपेक्षा तो तिकडं पंधरा-सतरा मिनिटं उशिरा मावळतो आणि तितक्याच उशिरा उगवतो, कारण आपण पूर्वेला आहोत; पण पंधरा मिनिटांनी काय होणार? शिड्यांवर पुन्हा रांग. शेवटची शिडी उतरेपर्यंत अंधार. आणि चंद्र नाही. आदल्या दिवशीच संकष्टी झालेली. आमच्यातल्या निम्म्या जणींनी चंद्र बघूनच उपास सोडला होता, नऊ वाजता. म्हणजे आज तो दहाच्या आसपास उगवणार, हे आम्हाला, महिनोन् महिने चतुर्थ्या करणाऱ्या बायांना, डोक्यात यायला नको? नाही आलं. विजेऱ्या दोन. मोबाइल होते, पण गारठ्यात बॅटरी झपाट्यानं उतरते, दिवसभर फोटो काढून त्या आधीच संपत आलेल्या.

साडेसहा-पावणेसातच्या सुमारास आमच्या एका वहिनीचा पाय त्या मुरमावर सरकला. पडल्या त्या बसल्या जागी, पण पाय घोट्यात दुमडला. "माय वं" एवढंच ओरडल्या. हात लावू देईनात. घोटा डोळ्यांदेखत सुजला. रेंज येत-जात होती. सात जणी, अंधार, खाली अजून निम्मी वाट.

तेव्हा आम्हाला खाली आणलं ते बारीच्याच एका बाईनं. त्या वाटेवर टपरी चालवतात, दिवसभर चहा, लिंबूपाणी, पिठलं-भाकरी. पिठलं म्हणजे आपलं बेसन. टपरी झाकून घरी निघाल्या होत्या. त्यांनी पहिले बूट काढू दिला नाही. म्हणाल्या, बूट काढला तर पाय पुन्हा आत जायचा नाही, राहू द्या. ओढणीनं बुटासकट घोटा आवळून बांधला. मग एका वेळी दोघींनी वहिनींच्या काखेत हात घालायचे, तिसरी पुढं विजेरी घेऊन, उजेड स्वतःच्या पायाशी नाही तर मागच्यांच्या पायाशी. उतारावर सरळ नाही, तिरकं, पाऊल आडवं टाकून. दर शंभर पावलांना जोडी बदलायची. त्या स्वतः विजेरीशिवाय चालत होत्या, डोक्यावर पातेल्यांचं गाठोडं. सव्वानऊला आम्ही गावात. त्यांनी पैसे घेतले नाहीत, आमच्या गाठीचे तिळाचे लाडू तेवढे घेतले.

गाडी अर्थातच गेली. तिकिटं वाया गेलीच.

पुढचं खरं अवघड होतं ते घरी आल्यावर. हाड मोडलेलं नव्हतं, पण डॉक्टरांनी महिना-दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हटलं. तेच वेचणीचे दिवस. वहिनींचं घर त्यांच्या मजुरीवर आणि त्यांच्या धन्याच्या मजुरीवर. धनी गटाच्या बैठकीत येऊन उभे राहिले. "हिले डोंगरावर कोनं नेलं? आता हप्ता कोन भरन?" आवाज चढला होता, पण विचारलं ते खोटं नव्हतं. गट तिथंच मोडला असता. दोघी म्हणाल्याही की आम्ही आपल्या मर्जीनं गेलो, ज्याचं त्यानं बघावं. खूप रात्रीपर्यंत बैठक चालली. शेवटी ठरलं ते असं: त्यांचे कर्जाचे दोन हप्ते दहा जणींनी वाटून भरायचे, आणि गटाच्या पैशातून नाही, ज्याच्या त्याच्या घरातून. कारण गटाचा पैसा सहलीसाठी नव्हता. आणि वहिनींच्या वाट्याची वेचणी आळीपाळीनं आम्ही जाऊन करायची, मजुरी त्यांच्या हाती द्यायची. ज्या दोघी नाही म्हणत होत्या त्याच पहिल्या दिवशी गेल्या. हे रेडिओवर सांगू का, असं आम्ही वहिनींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या सांगा.

मग दुसऱ्यांदा का गेलो, असं लोक विचारतात. थोरल्या बाईंमुळं. त्यांनी वर्षभर विषय सोडला नाही. पण या वेळी आम्ही त्यांच्यावरही अटी घातल्या, आणि त्यांनी आमच्यावर.

दिवाळी झाली तसं चालणं सुरू केलं. पहाटे मालखेडच्या रस्त्यानं, आधी तीन किलोमीटर, मग सहा, मग पाठीवर पिशवी घेऊन. एका रविवारी पायी सावंगा विठोबाला जाऊन आलो. तुम्ही म्हणाल, आम्ही शेतात दिवसभर राबतो, आम्हाला कसला सराव? आम्हालाही तसंच वाटायचं. पण शेतातलं काम वाकण्याचं आणि उचलण्याचं असतं. गुडघ्यात उंच पाऊल टाकून तीन तास चढायचं आणि मग तेवढंच उतरायचं, ही सवय वेगळी. त्यासाठी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या, शाळेचा जिना, जे मिळेल ते चढलो-उतरलो. पोट्टे हसायचे. हसू दिले.

आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात गेलो, सगळ्यांचा रक्तदाब, साखर आणि रक्त तपासून घेतलं. चार जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. हे डोंगरामुळं कळलं, नाहीतर कळलंच नसतं. डॉक्टरांनी तिघींना गोळ्या देऊन दोन महिन्यांनी परत तपासून जायला सांगितलं, एकीला या वर्षी नको म्हटलं. ती रडली, पण थांबली. थोरल्या बाईंना डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं, गोळी चुकवायची नाही या अटीवर.

दिवस निवडला गुरुवार, 9 जानेवारी 2025. तूर सोंगायला आठवडाभर अवकाश होता. आडवार, म्हणून गर्दी नाही, आणि मंगळवारी-गुरुवारी वर देवीची पूजा होते तेही साधलं. पौष शुद्ध दशमी, म्हणजे दिवस मावळताना चंद्र वर असणार. चंद्राच्या भरवशावर राहायचं नव्हतंच, पण या वेळी पंचांग बघून गेलो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं. त्या दिवशी सकाळीच तिकिटं काढली, जातानाची आणि परतीची, आणि परतीची चढाईच्या दुसऱ्या दिवसाची. ज्यांना एस.टी.नं जायचं असेल त्यांना मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, अमरावतीहून नाशिक आणि पुढं घोटी असं जमतं. अंग मात्र आंबतं.

आदल्या दिवशी दुपारी बारीत पोचून त्याच टपरीवाल्या मावशींच्या घरी उतरलो. घोटी ते बारी रस्ता दिवसा छान, भाताची खाचरं सोंगून मोकळी झालेली. पण सकाळी त्याच खाचरांवर धुकं साचतं आणि रस्त्याची कड दिसत नाही. जीपवाल्याला उजाडेपर्यंत थांबवण्यात काही कमीपणा नाही. मावशींना आम्ही आपल्याकडची तूरडाळ नेली होती. त्यांनी नागलीची भाकरी खाऊ घातली. त्यांच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांनी गावरान बियाणं जपलं आणि 2020 ची पद्मश्री मिळवली, त्यांच्याबद्दल रात्री बोलणं निघालं. वाल, घेवडा, भात, कितीतरी वाणांची नावं मावशी तोंडपाठ सांगत होत्या. आमच्याकडं आता सोयाबीन, कापूस आणि तूर, संपलं. त्या रात्रीचं बोलणं हा वेगळा विषय आहे, तो पुन्हा केव्हातरी.

पहाटे सव्वासहाला निघालो, विजेऱ्या दहा जणींच्या दहा, कपाळाला बांधायच्या, म्हणजे शिडीवर दोन्ही हात मोकळे. पहिल्या शिडीला मुद्दाम ऊन यायची वाट बघितली, दव वाळू दिलं. काठी प्रत्येकीकडं, घरच्याच वेळूच्या. उतरताना निम्मा भार काठी घेते, गुडघे दुसऱ्या दिवशी दुवा देतात.

पाण्याचं एक सांगतो, हे बायांनाच सांगायचं म्हणून सांगतो. थंडीत तहान लागत नाही, आणि आपण बाया बाहेर पडलो की लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी पीतच नाही. पहिल्या वेळी आमच्यातल्या चौघींचं डोकं दुखत होतं ते त्यानंच, आणि एकीला घरी आल्यावर जळजळ सुरू झाली ती आठ दिवस. वाटेत शौचालय नाही हे धरून चला. आम्ही एक जुनी गडद रंगाची साडी नेली होती. दोघींनी धरायची, एकीनं बसायचं. लाजण्यासारखं काही नाही. पाळीचे दिवस असतील तर कपडा-पॅड बदलून ते कागदात गुंडाळून खाली परत आणायचं, तिथं टाकायचं नाही. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, कचरा करायचा नाही आणि वाळल्या गवतात काडी ओढायची नाही. प्रत्येकीकडं दोन लिटर पाणी, दर अर्ध्या तासानं चार घोट, तहान असो-नसो. वरच्या शिडीच्या आधी एक विहीर आहे, पण तिच्या भरवशावर निघू नका. खायला गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू, भाकरी आणि ठेचा. थांबून पोटभर जेवलं की पाय उचलत नाहीत, म्हणून थोडं थोडं.

आणि एक नियम केला होता. बारा वाजता जी जिथं असेल तिथून परत. देवळाच्या दारात असली तरी परत. हा नियम थोरल्या बाईंच्या तोंडून वदवून घेतला होता.

त्या सव्वादहाला वर पोचल्या. शेवटच्या शिडीवर सून पुढं, त्या मधे, मागं एक धट्टीकट्टी. वर गेल्यावर कोरडा झंपर, स्वेटर, कानाला मफलर, आणि मग देवीपुढं बसल्या. काय मागितलं ते सांगत नाहीत. उतरताना मावळतीचं ऊनही बघायला लागलं नाही, दुपारी दोनला गावात.

वहिनी या वेळी वर आल्या नाहीत. आम्ही खूप म्हटलं, की पाय आता बरा आहे. त्या म्हणाल्या, "मी बारीपर्यंत येतो, पण वर नाही. मले मावशींसंगं बसाचं आहे." त्या दिवशी त्या टपरीवर बसून चहा गाळत होत्या. आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी प्रत्येकीच्या हातात कप दिला आणि मावशींना म्हणाल्या, यांचे पैसे घ्या, या वेळी सोडू नका.

यंदा ज्या गटांना जायचं आहे त्यांनी वर्षअखेरीचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळावेत. आधी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी आणि त्याचा कागद सोबत घेऊन आमच्याकडं यावं. कागद नसेल तर आम्ही बोलणार नाही, हे थोरल्या बाईंनी सांगायला सांगितलं आहे. अडचणीला 112 आणि रुग्णवाहिकेला 108, हे नंबर मोबाइलमध्ये नाही, कागदावर लिहून झंपरात ठेवावेत. आमच्याकडं दहा विजेऱ्या आहेत, धुऊन ठेवलेले हातमोजे आहेत, ते नेता येतील. परत करताना विजेरीतले सेल काढून द्यावेत, मागच्या वेळी एका गटानं तसेच ठेवले आणि दोन विजेऱ्या आतून गंजल्या.